सुतळीच्या आत तार

आमच्या गल्लीत तिला सगळे ‘कस्टम’ म्हणतात. तोंडावर नाही. तोंडावर ‘मावशी’. पण घंटागाडी कोपऱ्यावर वळली की कुठल्यातरी स्वयंपाकघरातून हाक येतेच, "अगं आली कस्टम, डबा काढ बाहेर!" कारण तपासल्याशिवाय ती काही पुढे जाऊ देत नाही. ओल्या कचऱ्यात दुधाची पिशवी सापडली तर ती दोन बोटांत धरून आपल्याच हातात परत ठेवते. "ही तुमची. चुकून माझ्याकडे आली."

चौदा वर्षं ती आमच्या गल्लीत येते आहे. पालिकेचं नारिंगी जाकीट दोन मापं मोठं, बाह्या दुमडलेल्या, पायात पुरुषी काळे बूट. कुणाच्या घरात औषधांच्या रिकाम्या पट्ट्या वाढल्या, कुणाची बायको माहेरी गेली आणि बाहेरच्या जेवणाची खोकी सुरू झाली, सगळं तिला ठाऊक. मी एकदा सहज खडा टाकून पाहिला होता, "समोरच्यांकडे पाहुणे आलेत वाटतं?" तिनं माझा डबा गाडीत उपडा करून दोनदा आपटला आणि म्हणाली, "ताई, मी कचरा नेते. बातम्या नाही नेत." त्या दिवसापासून मला ती आवडते.

बुधवार हा बागेच्या कचऱ्याचा दिवस. पालापाचोळा उघड्या टोपलीत, फांद्या हातभर लांबीच्या तोडून मोळी बांधलेली. इतर गल्ल्यांत हे सगळं उचललं आणि फेकलं की झालं. मावशीची पद्धत वेगळी. तिच्याकडे एक काठी आहे, टोकाला मोडक्या स्पीकरमधलं लोहचुंबक बांधलेलं. ती काठी ती प्रत्येक टोपलीतून फिरवते. खिळा, पिन, बिजागरीचा तुकडा, काही ना काही चिकटून वर येतं. मग मोळी. मोळीत ती मनगटापर्यंत हात घालते आणि आत चाचपते. हाताला तार लागली की मोळी उचलून परत पायरीवर ठेवते, ठेवताना आदळतही नाही, आणि गाडी पुढे.

आता हेडमास्तरांविषयी सांगायला हवं. ते आमच्या शेजारी राहतात. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण सगळी गल्ली त्यांना ‘सर’च म्हणते. त्यांची बोगनवेल कुंपणावरून आमच्याकडे उतरते आणि दर पंधरवड्याला ते ती कातरतात. फांद्या फूटपट्टी लावून तोडतात. खोटं नाही सांगत, लाकडी फूटपट्टी, शाळेतली. सगळ्या मोळ्या एका मापाच्या, एका जाडीच्या, फाटकासमोर ओळीनं उभ्या. प्रार्थनेला मुलं उभी केल्यासारख्या. सुतळी सैल पडते आणि मोळी ‘बेशिस्त’ दिसते, म्हणून सर आधी जुन्या तारेनं मोळी आवळतात. पक्कडीनं पीळ देऊन तारेचं टोक आत दाबतात आणि वरून सुतळी गुंडाळतात. तार आत, सुतळी वर. यात त्यांची काही लबाडी नव्हती, हे मला आजही मान्य आहे. त्यांच्या हिशेबी ते काम दुप्पट चांगलं करत होते.

गोंधळ घातला तो पालिकेच्या नव्या पत्रकानं. जुनं पत्रक माझ्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं आहे. काळ्या अक्षरातला साधा कागद. त्यात स्वच्छ लिहिलंय, ‘मोळी सुतळीनेच बांधावी. तार वापरू नये.’ या वर्षी घरोघरी रंगीत पत्रकं आली. वर भलंमोठं चित्र, हसणारा कचऱ्याचा डबा, त्याला डोळे, भुवया, हात, आणि एका हाताचा अंगठा वर. खाली नियम. आणि मोळीबद्दल एवढंच, ‘घट्ट बांधावी.’

बस. आजवर मोळी परत आली की कुरकुरत तार काढणाऱ्या सरांना कागदाचा आधार मिळाला. लागोपाठ तीन बुधवार मावशीनं त्यांच्या मोळ्या परत ठेवल्या आणि लागोपाठ तीन बुधवार सर पत्रक घेऊन फाटकात उभे राहिले.

"वाचा. काय लिहिलंय?"

"घट्ट बांधावी."

"मग? ही सैल आहे का?"

"नाही सर, लई घट्ट आहे. तार काढा, नेते."

"कुठल्या नियमानं?"

 मावशी गाडीला टेकलेली काठी उचलायची आणि पुढच्या घराकडे जायची. तोवर आणखी दोघातिघांच्या मोळ्याही तारेसाठी परत आल्या होत्या. पायरीवर वाळणाऱ्या फांद्या, त्यात मुंग्या, सगळे वैतागलेले. सरांनी सुंदर अक्षरात तक्रार लिहिली आणि अकरा घरांच्या सह्या घेतल्या.

सातवी सही आमच्या ह्यांची होती.

मला ते कळलं तेव्हा मी पोळपाट पुसत होते. "तुम्ही वाचलीत तरी का ती तक्रार?"

"अगं, सर दारात उभे होते. नाही कसं म्हणायचं?"

"चौदा वर्षं ती बाई तुमच्या दाढीची पाती कागदात गुंडाळून वेगळी ठेवते. तुम्ही नुसती डब्यात टाकता. तिच्याविरुद्ध सही करायला जमलं तुम्हाला, सरांना नाही म्हणायला नाही?"

"तू उगाच राईचा पर्वत करतेस. फार तर तिला समज देतील."

 मी आणखी बोलले असते तर पोळपाट हातातच होता.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या नळाशी मावशी हात धूत होती. मी सरळ विचारलं, "मावशी, एवढ्या तारेपायी कशाला वैर घेता? न्या ना उचलून."

तिनं नळ बंद केला. इकडेतिकडे पाहिलं.

"ताई, या मोळ्या कुठं जातात माहितेय? खत डेपोत. तिथं मशीन आहे, फांद्यांचा भुगा करतं. तोंडाशी उभं राहून एकेक मोळी आत सारायला लागते. आत तार असली की मशीन ती तोडतं आणि तुकडे मागं फेकतं. गोळीसारखे. मागच्या थंडीत माझ्या सुनेला लागला एक. इथं." तिनं भुवईच्या वर बोट ठेवलं, मग ते बोट अगदी थोडं खाली, पापणीपर्यंत आणलं. "एवढ्यानं वाचली."

"सून डेपोत आहे?"

"मशीनवरच. चष्मा दिलाय तिला पालिकेनं, पण तो एवढा खरवडलाय की घातला की समोरचं दिसत नाही. मग काढून ठेवते."

ही तीच सून, जिच्याबद्दल मावशी एरवी तोंड उघडत नाही आणि उघडलं तर बंद करत नाही. दोन वर्षांपूर्वी आमटीतल्या मिठावरून दोघींचं बिनसलं, तेव्हापासून एका छपराखाली दोन चुली. मी म्हटलंसुद्धा, "पण तुमचं तर तिच्याशी पटत नाही."

"नाहीच पटत. मला आई म्हणायची, आता ‘अहो’ म्हणते. अहो! मी काय बँकेतला साहेब आहे? पण म्हणून तिचा डोळा जाऊ देऊ?"

"हे सगळं तक्रारीच्या वेळी सांगा."

"नाही सांगणार. आणि तुम्हीही नाही. घरच्या माणसासाठी गल्लीला छळते म्हणतील. आणि तिच्या कानावर गेलं ना, की सासू तिच्यापायी भांडतेय, तर आणखी चढून बसेल." तिनं जाकिटाला हात पुसले. "मी या गल्लीवर आहे तोवर या गल्लीची तार तिच्यापर्यंत जात नाही. मला हलवलं तर जोडी येईल पलीकडच्या गल्लीची. ते डोळे मिटून उचलतात."

शुक्रवारी वॉर्ड ऑफिसात बोलावणं होतं. मीही गेले. सही करणाऱ्या अकरापैकी फक्त सर आले होते, फाइल घेऊन. निरीक्षक तरुण होता, टेबलावर तोच हसरा डबा, पुठ्ठ्याचा, उभा करून ठेवलेला. मावशीला खुर्ची नव्हती. होती, पण तिच्यावर पत्रकांचा गठ्ठा होता.

सर म्हणाले, "मी छत्तीस वर्षं मुलांना नियम पाळायला शिकवलं. नियम पाळणाऱ्याला शिक्षा होत असेल तर कठीण आहे."

निरीक्षकानं मावशीला विचारलं, "तार चालत नाही असं कुठं लिहिलंय?"

"मशीनमध्ये गेली की उडते साहेब. लागते माणसांना."

"मशीनचं खातं वेगळं आहे."

"खातं वेगळं असेल. तार तीच जाते."

मी पिशवीतून जुनं पत्रक काढलं. दारावरून सोलताना एक कोपरा फाटला होता. "यात लिहिलं होतं. नव्या पत्रकातून ही ओळ का गेली?"

त्यानं ते पाहिलं, चित्राकडे पाहिलं आणि अतिशय सभ्यपणे म्हणाला, "मॅडम, जागा नव्हती."

जागा नव्हती! डब्याच्या भुवयांना जागा होती. अंगठ्याला जागा होती. माझे कान तापले. सुनेचं नाव ओठांपर्यंत आलं होतं. मावशीनं माझ्याकडे एकदाच बघितलं आणि मी ते गिळलं. गिळल्याचा राग आजही आहे, आणि शब्द पाळल्याचा पश्चात्ताप नाही. दोन्ही खरं.

निकाल लागला. जुनं पत्रक रद्द. नव्या पत्रकाप्रमाणे असलेली प्रत्येक मोळी मावशीनं उचललीच पाहिजे. न उचलल्याची आणखी एक तक्रार आली की तिची बदली बाजार झाडायला.

बाहेर जिन्यात सर तिला म्हणाले, "वैयक्तिक काही नाही हं."

"नाही ना," मावशी म्हणाली. "वैयक्तिक असतं तर बरं झालं असतं."

बुधवार आला. सकाळी साडेसातला घंटा वाजली. सरांच्या फाटकासमोर सहा मोळ्या ओळीनं उभ्या होत्या आणि सर त्यांच्या मागे, हाताची घडी घालून. मी गॅलरीत होते. हलवणार आज हिला, असंच वाटत होतं.

मावशीनं गाडी थांबवायला लावली. पहिली मोळी घेतली. आणि ती घेऊन फूटपाथच्या कडेवर चक्क मांडी घालून बसली. सुतळीची गाठ सोडली, सुतळी मांडीवर ठेवली. मग काट्यांतून बोटं घालून तारेचा पीळ शोधू लागली.

"हे काय चाललंय?" सर.

"उचलतेय, सर."

"मग उचला ना!"

"उचलतेच आहे. सोडून, बांधून उचलते. सोडू नये असं पत्रकात कुठं लिहिलंय?"

 वर्गात बाकावरून इतकं सरळ उत्तर सरांना कधी आलं नसावं.

पक्कडीनं दिलेला पीळ बोटांनी कसला सुटतो? पहिल्याच तारेनं तिच्या अंगठ्यातून रक्त काढलं. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, मागे एक मोटार हॉर्न वाजवू लागली, आणि मी सुतळीचा गुंडा घेऊन जिना उतरले. तिच्याशेजारी बसले. बोगनवेलीचे काटे म्हणजे काटेच. आमचे हे पाच मिनिटं दारात घुटमळले, मग स्वयंपाकघरातली कात्री घेऊन आले. ज्या हातानं सही केली होती त्याच हाताला पहिला काटा लागला. मला बिलकूल वाईट वाटलं नाही.

"कात्रीनं तार तुटते होय?" मी म्हटलं.

"मग काय आणू?"

"सहीचं पेन आणा."

मोटारीतला माणूस उतरून ओरडायला लागला. मावशीनं मान वर न करता सांगितलं, "दादा, पाच मोळ्या राहिल्यात. बसता का मदतीला?" तो मोटार उलटी घेऊन गेला.

तेवढ्यात सरांचं फाटक वाजलं. काकू बाहेर आल्या. सरांच्या पत्नी. गल्लीत त्यांचा आवाज मी चौदा वर्षांत चौदा वेळा ऐकला असेल. पायात घरातल्याच सपाता, हातात पक्कड. लाल मुठीची, जुनी. सरळ मावशीपुढे येऊन त्यांनी ती धरली.

"ही घ्या. बोटं कापतायत तुमची."

"मोळ्या झाल्या की देते, काकू."

"देऊ नका. ठेवा तुमच्याकडेच. घरात ही एकच आहे."

"अगं," सर म्हणाले, "पक्कड दिलीस तर पुढच्या खेपेला तार कशानं..."

"सुतळी आहे ना घरात," काकू म्हणाल्या आणि सरांकडे न बघता आत गेल्या.

उरलेल्या पाच मोळ्या मावशीनं दहा मिनिटांत सोडवल्या. कट, पीळ, ओढ. मी बांधत गेले. माझ्या गाठी सैल, मोळ्या एका बाजूला कललेल्या. सर त्या कललेल्या मोळ्यांकडे असे पाहत होते की जणू कुणीतरी त्यांच्या शाळेची घंटा चोरली. तारेचं भेंडोळं मावशीनं सुक्या कचऱ्याच्या कप्प्यात टाकलं, पक्कड जाकिटाच्या खिशात सारली, अंगठा तोंडात धरला आणि दुसऱ्या हातानं घंटा वाजवली.

सरांनी अजून माफी मागितलेली नाही. पत्रकही बदललेलं नाही. मी तीन अर्ज दिले आहेत, तिन्हींवर ‘पोचले’चा शिक्का आहे आणि डबा हसतोच आहे. चौथा अर्ज मी ह्यांच्याकडून लिहून घेतला. त्यावर आता नऊ घरांच्या सह्या आहेत, पहिली काकूंची.

पण गेल्या बुधवारी सरांच्या फाटकासमोर नुसत्या सुतळीच्या मोळ्या होत्या. सैल, वाकड्यातिकड्या, बेशिस्त. मावशीनं प्रत्येकीत मनगटापर्यंत हात घातला, शेवटपर्यंत चाचपून पाहिलं आणि एकेक गाडीत ठेवली.

"आता तरी विश्वास ठेवा," सर खिडकीतून म्हणाले.

"ठेवते ना सर," ती म्हणाली आणि सहाव्या मोळीत हात घातला.