बैल, कुलूप, चिंच

आमच्या विभागात फॉर्म कमी आणि किस्से जास्त जमतात. विद्यापीठात विसरण्याच्या आजारावर संशोधन करते म्हटलं की लोक आधी हसतात, मग हळूच विचारतात, "आमच्या आईला जरा बघता का?"

नांदेडहून जीप निघायची. पुढे सर, म्हणजे माझे गाइड. मागे फॉर्मचे गठ्ठे सांभाळत मी. स्टीअरिंगवर उदगीरचा शिवराज. गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांची स्मरणशक्ती तपासायची, एवढंच काम.

तपासणीत तीन शब्द सांगायचे आणि पाच मिनिटांनी परत विचारायचे. पुस्तकातले शब्द सरांनी काढून टाकले आणि स्वतःचे घातले. बैल, कुलूप, चिंच. "आपल्या माणसांना आपले शब्द द्या," म्हणाले. त्या तीन शब्दांचा त्यांना कोण अभिमान!

*

लातूरच्या एका गल्लीत घरोघरी कोचिंगची मुलं-मुली भाड्याने राहायची. सकाळी पहिल्या घरातल्या आजींना तपासलं. दुपारी चौथ्या घरात गेलो, तर मी बसायच्या आतच तिथल्या आजी म्हणाल्या, "बैल, कुलूप, चिंच!"

मेडिकलच्या तयारीला आलेल्या मुलींनी गल्लीतल्या सगळ्या आजींची रिव्हिजन घेतली होती! माझा अख्खा दिवस वाया गेला. सर मात्र पोट धरून हसले. "बाई, लातूर आहे हे! इथं आजीसुद्धा नापास होत नाही!"

*

भूकंपानंतर नव्या जागी वसलेल्या गावातले एक आजोबा. घरात कोण कोण असतं, असा फॉर्ममधला साधा प्रश्न मी विचारला.

"हे ल्योक-सून, मी आन् म्हातारी. शेंगा तोडाया गेलीय ती, येईल इतक्यात."

सुनेने मला आधीच सगळं सांगितलं होतं. मी नवी होते, चूक दिसली की दुरुस्त करायची खोड. बोलून गेले, "आजोबा, त्या तर भूकंपात गेल्या ना?"

"कवा?" आजोबांनी विचारलं.

त्यांना ते आत्ता कळत होतं. मग ते जे रडायला लागले, ते सुनेलाही आवरेनात. मला अजून त्या दिवसाची लाज वाटते.

परतताना सर रागावले नाहीत. म्हणाले, "उत्तर बरोबर असो की चूक, तोंडाने फक्त 'बरं' म्हणायचं आणि पुढचा प्रश्न विचारायचा. खरं काय ते आपल्या कागदावर." तेव्हापासून हा आमचा नियम झाला.

*

काही वर्षांनी सर स्वतःच विसरायला लागले. आधी चष्मा, मग विद्यार्थ्यांची नावं. अहमदपूरच्या स्टँडवर चहा झाला आणि पाचच मिनिटांत म्हणाले, "चला, चहा घेऊ!" शिवराज म्हणाला, "बरं सर." तिघांनी परत चहा घेतला.

एकदा शिवराज मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, आज सर कंधारचा रस्ता इचारू लागले."

कंधार म्हणजे सरांचं गाव. शाळा तिथलीच, घरही तिथेच.

"मग तू काय म्हणालास?"

"काय म्हन्नार? बरं म्हनलं, आन् गाडी वळवली."

ज्या आजाराच्या अभ्यासात त्यांनी आयुष्य घातलं, तोच आता त्यांना गाठतोय, या भीतीने मला काम सुचेना. पण सरांना विचारायचं कोणी?

*

एका दुपारी सर माझ्या खोलीत आले, दार लावलं आणि पेशंटच्या खुर्चीत बसले.

"बाई, फॉर्म काढा. पूर्ण घ्या. मदत करायची नाही."

मी वार विचारला, महिना विचारला, गाव विचारलं. सरांनी सगळं सांगितलं. मग मी त्यांचेच तीन शब्द त्यांना सांगितले. शंभरातून सात वजा करायला लावले, घड्याळ काढायला लावलं. पाच मिनिटं झाली.

"सर, ते तीन शब्द?"

"बैल," ते लगेच म्हणाले. थोड्या वेळाने, "कुलूप." मग बोटांवर मोजत दोन्ही शब्द पुन्हा म्हणून बघितले.

"पेरू," सर म्हणाले. माझ्याकडे बघून विचारलं, "बरोबर ना, बाई?"

"बरं," मी म्हणाले, आणि पुढचा प्रश्न वाचला.

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"शाब्बास," म्हणाले.