सतीशचा माईक

हिंजवडीत एकाच टीमबरोबर दहा-बारा वर्षं कॉन्फरन्स कॉल केले की किस्से साचतातच हो. आमचे निम्मे म्युटचे आहेत, आणि त्यातले बहुतेक सतीश वानखेडेचे.

सतीश अकोल्याचा. कर्वेनगरला एका मित्राबरोबर राहायचा. तीनच्या कॉलला हा पाच-पाच मिनिटं मन लावून बोलायचा, माईक बंद ठेवून. मग आम्ही एका सुरात, "सतीश, म्युटवर आहेस!"

*

एकदा आम्ही ओरडायच्या आधीच आमचा जर्मन क्लायंट शांतपणे म्हणाला, "सतीश, म्युटवर आहेस." रोज ऐकून साहेबाला तेवढं एकच मराठी वाक्य येऊ लागलं होतं.

*

एका सोमवारी सतीशचा फोन आला. आवाज असा, की तोंडात गरम बटाटा असावा. "सर, थुंकीपण गिळवत नाही." मी टीम लीड. म्हटलं, "मिठाच्या गुळण्या कर आणि घरूनच कॉलला ये. बोलू नकोस. तसंही तुझं कुठे ऐकू येतं!" तो हसला. हसताना त्याला फार त्रास झाला, ते मला कळलं होतं.

*

तीनला लाइनवर बारीक शिट्टीसारखा आवाज यायला लागला. थांबायचा, पुन्हा यायचा. पाहिलं तर सतीशची लाइन. "आज पठ्ठ्याचा माईक चालू, तर मागे कुकर लावलाय," मी म्हणालो. सगळे हसले. कॉलचा होस्ट मी. त्याचा माईक मी बंद केला.

साडेचारला मित्र घरी आला, तेव्हा सतीश लॅपटॉपसमोर पुढे झुकून बसला होता. डॉक्टर म्हणाले, श्वासनलिकेवरचं झाकण इन्फेक्शननं सुजलं होतं. क्वचित होतं असं. तासभर आधी आणलं असतं तर गळ्याला छेद देऊन वाट करता आली असती. तो तास माझ्याकडे होता. हे मी टीममध्ये अजून कुणाला सांगितलेलं नाही.

*

त्याचे वडील सामान न्यायला ऑफिसात आले. कॉफीचा मग, हेडफोन, एक स्वेटर. जाताना विचारलं, "साहेब, जर्मनवाल्याशी रोज बोलतो म्हणे तो. नीट बोलत जाय का हो?"

"हो काका," मी म्हणालो. "सगळे ऐकायचे."

*

जर्मन साहेब मधले पंधरा दिवस रजेवर होता. परतला त्या दिवशी तीनच्या कॉलला मी जुनीच यादी उघडली. एकेक नाव घेत गेलो आणि सवयीनं म्हणालो, "सतीश."

लाइनवर कुणीच बोलेना.

मग तिकडून साहेबाचा खेळकर आवाज आला, "सतीश, म्युटवर आहेस."