गुलाबी झगे आणि परक्यांची शाबासकी

लाँड्रीवाल्या मावशींचं डोकं म्हणजे बर्फाचा कारखाना, असं गल्ली म्हणायची. त्या दिवशी मात्र बर्फ वितळला.

झालं होतं अगदी साधं. शुचिता खात्याचे पांढरे झगे धुवायला आले होते. हे खातं म्हणजे धर्माच्या नावानं राज्य हाकणाऱ्यांच्या हातातली छडी. मुलींच्या शाळांना कुलूप यांनीच लावलेलं. मशीनच्या तळाशी कुणाचा तरी लाल मोजा राहून गेला आणि झाडून सगळे झगे गुलाबी निघाले. दोरीवर वाळताना ते गावभर दिसले. माफी मागायची, पुन्हा धुऊन द्यायचे, विषय संपला असता.

संध्याकाळी धाकटी नणंद रेडिओ कवटाळून आली. "वहिनी, तू क्रांती केलीस." सीमेपलीकडचा मंत्री सांगत होता, गुलाबी झगे हा आमच्या पाठिंब्यावर उभ्या राहिलेल्या लढ्याचा विजय आहे.

"मोजा त्यानं पाठवला होता का गं?"

"अगं, कुणीतरी आपल्या बाजूनं बोलतंय."

"तेच तर. आता माझी माफी ऐकणार कोण?"

स्वतःची काळजी त्यांना नव्हती. इस्त्री केलेल्या अभ्र्यांत दडवून मावशी मुलींच्या चोरट्या वर्गांना पुस्तकं पोचवत. आजचा गठ्ठा अभ्र्यांच्या टोपलीत, फडताळातच होता.

सकाळी खात्याचे साहेब दारात. "परदेशातून काय काय आलंय?"

"या, दाखवते की," म्हणत मावशींनी मशीन सुरू केलं. ते खडखडत, उड्या मारत साहेबांच्या दिशेनं निघालं. "बसा जरा त्यावर, नाहीतर रस्त्यावर जाईल. रोज मीच बसते." साहेब बसले. दाढीसकट हादरत राहिले. गल्ली खिडक्यांत जमली, आणि नणंदेनं अभ्र्यांची टोपली मागच्या दारानं पळवली.

"कुणा सरकारनं मला पोसलं असतं," मावशी त्यांच्या कानाशी ओरडल्या, "तर आधी हे धूड बदललं असतं."

साहेब खाली उतरले, खिडक्यांतलं हसू ऐकून दाढी सारखी केली. "झगे पांढरे करून द्या," एवढंच म्हणून चालते झाले.

नणंद रिकामी टोपली घेऊन परतली. "चुकलंच माझं. परक्यांनी यात पडूच नये."

"असं कधी म्हटलं मी? ही पुस्तकं काय आभाळातून पडतात? त्या मंत्र्याच्याच सरकारच्या पैशानं छापली जातात. छापणारा गप्प बसतो, म्हणून पोचतात. मदत करावी, भरपूर करावी. तोंड तेवढं शिवून करावी."

आणि मावशी दुसरा लाल मोजा शोधायला लागल्या. गिऱ्हाईक दुपारी मोज्यांची जोडी न्यायला येणार होतं.