वरचंच खाली

अक्षराची माफी असावी. शुद्धलेखनाचीही. मी चौथीपर्यंत शिकले, आणि खुरपं धरून बोटं वाकडी झाली आहेत. ही वही मी कुणाला दाखवणार नाही, तरी माफी मागून ठेवते. पण एके काळी आमच्या शाळेत माझ्यासारखं अक्षर कुणाचं नव्हतं. गुरुजींचंही नव्हतं. सगळं त्यातूनच झालं.

"हात मागं घे."

गुरुजी हळूच बोलले. तपासणीचे साहेब समोर खुर्चीवर बसले होते. आमच्या वस्तीतली आम्ही अकरा पोरं ओळीनं उभी होतो. माझ्या बोटांना शाई लागली होती. सकाळी दगडानं घासली तरी गेली नव्हती. मी हात परकरामागं नेला.

साहेब शाळेचा तक्ता बघत होते.

"अक्षर फार छान आहे. कुणाचं?"

"माझंच, साहेब. आठ दिवस बसलो होतो."

शेजारी किसन होता. त्याला वाचता येत नव्हतं, पण तोंड लय. तो पुटपुटला, "गुरुजीचं अक्षर म्हंजी कोंबडी चालल्यावानी. कोंबडी आज शानी कशी झाली?"

मला हसू आलं नाही. तो तक्ता मी लिहिला होता.

दुष्काळाच्या आदल्या सालची ही गोष्ट. येलदरी धरणाची लाइट गावात आली होती, वस्तीत नव्हती. गुरुजी वस्तीत कधी यायचे नाहीत. आले की समजायचं, साहेब येणार आहेत आणि पट भरायचा आहे. एरवी आम्ही आलो काय, न आलो काय. त्या दिवशी मात्र एकेकाला नावानं हाक. "ये रे बाळा." बाळा ऐकलं की मायच्या कपाळाला आठ्या पडायच्या.

त्या वर्षी साहेब यायच्या आधी गुरुजींनी मला एकटीला थांबवलं. मूठभर शेंगा दिल्या. खुर्चीवर बसायला सांगितलं. मी तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं. जो माणूस तीन वर्षं दाराजवळ बसवतो, तो आज खुर्ची का देतो?

"हे सगळं ह्या मोठ्या कागदावर उतरव. रेघ वाकडी जाऊ देऊ नको."

मी उतरवलं. नाव, जात, शेरा. गावातल्या पोरांच्या नावापुढं वेगवेगळे शेरे होते. हुशार. बरा. गणितात लक्ष द्यावे. आमची नावं सगळ्यांत खाली, एका जागी. आम्ही बौद्ध झालो त्याला पंधरा वर्षं होत आली होती, तरी जातीच्या रकान्यात जुनंच नाव होतं. तेही मी वळणदार लिहिलं. आमच्यात पहिलं नाव किसनचं. शेरा, कच्चा. त्याच्याखाली दहा नावं, आणि प्रत्येकापुढं नुसत्या दोन बारक्या रेघा. माझ्याही नावापुढं.

"गुरुजी, ह्या कशाच्या रेघा?"

"तुला काय करायचंय? हाय तसं उतरव."

मला वाटलं, शेरा लिहायचा राहिला असेल. पुढं भरतील. मला तीसपर्यंत पाढे येत होते. पावकी-निमकी तोंडपाठ होती. हुशार लिहितील, असंही मनात आलं. म्हणून माझ्या नावापुढच्या दोन रेघा मी जरा जास्तच नीट काढल्या.

तपासणीच्या दिवशी साहेबांनी त्याच तक्त्यावर बोट ठेवलं.

"अकरा मुलं. अकराच्या अकरा कच्ची?"

"होय साहेब. पहिल्यापुढं लिहिलंय. बाकी वरचंच खाली."

"कारण?"

"घरी वातावरण न्हाई, साहेब. आपण तरी किती डोकं फोडायचं? यांच्यामुळं पट भरतो, एवढंच."

साहेबांनी मान हलवली. सही केली. आम्हाला एक प्रश्न विचारला नाही. बाजारात शेळ्या मोजाव्यात तसं बघितलं आणि बसा म्हणाले.

मी बसले. हात अजून मागंच होता.

घरी जाताना डोक्यात तेच. गावातल्या प्रत्येक पोराकडं गुरुजींनी निदान एकदा बघितलं होतं, म्हणून शेरे वेगळे. आमच्यातल्या पहिल्याकडं बघितलं आणि खाली रेघा ओढल्या. आणि मी कच्ची आहे हे शाळेतल्या सगळ्यात चांगल्या अक्षरात मीच लिहून दिलं होतं.

पंधरा दिवसांनी गुरुजींनी पुन्हा थांबवलं. दुसरा कागद. दुसऱ्या शेंगा.

मी जन्मात मोठ्यांना उलट बोलले नव्हते. तरी म्हणाले, "न्हाई."

"काय न्हाई? पाटी कुणी दिली तुला? माझ्या पदरचे बारा आणे गेलेत."

खरं होतं. दुसरीत माझी पाटी फुटली तेव्हा त्यांनी दिली होती. मला ती दया वाटत होती. त्या दिवशी कळलं, ते गळ्यातलं दावं होतं. दुसरं टोक त्यांच्या हातात.

मायला सांगितलं. ती म्हणाली, "गुरुजीसंगं वाकडं नगं घेऊ, बाई." पण पुढच्या रविवारी आम्ही कापूस वेचायला गेलो, आणि तिनं मजुरीतले चार आणे न बोलता माझ्या हातावर ठेवले.

सोमवारी मी ते गुरुजींना द्यायला गेले.

"राहू दे, राहू दे." एकदम गोड आवाज.

मी विचार करत राहिले. पैसा कुणाला नको असतो? पैसे घेतले तर दावं सुटेल, म्हणून नको. मी चार आणे परत नेले आणि थांबले. आणखी दोन रविवार वेचलं.

मग भरल्या वर्गात उठले. टेबलावर चार-चार आण्यांची तीन नाणी मांडली.

"हे काय?"

"पाटीचे."

"अन् तक्ता कोण लिहिणार?"

"तुमचा तुमी लिवा. अन् माझ्या नावापुढं रेघा मारू नका. पाढे विचारा, मग काय असंल ते आख्खं लिवा."

गुरुजी नाण्यांकडं बघत राहिले. हात लावत नव्हते.

"मोजून घ्या, गुरुजी," मी म्हणाले. हात टेबलावरच ठेवला. मागं घेतला नाही.

त्यांनी मोजले. चार, आठ, बारा. फिटले.