घोटा सोड

सौदीत, यान्बूतल्या आमच्या कॉलनीत ऑस्ट्रेलियन फुटबॉल खेळणारी पहिली मराठी मुलगी म्हणजे माझी लेक. लांबट चेंडू, हात-पाय दोन्ही चालतात, आणि चेंडू घेऊन पळणारीला पकडून थांबवायचं. पकडायला तिला मीच शिकवलं होतं, पण कबड्डीतलं. कॉलेजच्या संघात मी डाव्या कोपऱ्यावर असायचे. चढाईवालीचा घोटा धरायचा आणि तिचा दम जाईपर्यंत सोडायचा नाही.

या नव्या खेळात मात्र गुडघ्याखाली धरणं फाउल. लेकीनं सलग दोन सामन्यांत तेच केलं. तिचा कोच, रिफायनरीतला एक ऑस्ट्रेलियन इंजिनियर, आवाज न चढवता म्हणाला, "आणखी एकदा घोटा धरलास तर टीमबाहेर. कुणाचा तरी पाय मोडेल."

टीमशिवाय तिला दुसरं काही सुचत नव्हतं. मी हॉलमधला सोफा भिंतीला सरकवला आणि आठवडाभर उशी घेऊन तिच्यासमोर पळाले. ती खाली वाकली की उशी तिच्याच डोक्यात.

"आई, इट्स ऑटोमॅटिक!"

"मग ऑटोमॅटिक बंद कर. कमरेला धर."

शुक्रवारी दुपारनंतरची असरची नमाज झाल्यावर सामना सुरू झाला. आमचे रत्नागिरीचे शेजारी कुंपणाला टेकून म्हणाले, "भाभी, पोरीच्या हातांना पिशव्या बांधा." मला हसू आलं नाही. प्रत्येक पकडीला मी फक्त तिचे हात बघत होते. कंबर. कंबर. एकदा खांदा.

शेवटची दोन-तीन मिनिटं उरली. आम्ही दोन गुणांनी पुढे. समोरची एक उंच मुलगी चेंडू घेऊन सुटली. लेक आडवी गेली, घसरली, पालथी पडली. त्या मुलीचा पाय बरोबर तिच्या हातापुढून चालला होता. मोज्यावर बोटं आवळलेली मला दिसली.

"पकड, पकड!" शेजारी ओरडले.

"सोड!" मी ओरडले.

हात उघडला. मुलगी पुढे गेली, तिनं चेंडूला लाथ मारली, तो मधल्या दोन खांबांतून पार. सहा गुण. खलास.

कोचनं लेकीला उठवलं, पुढच्या शुक्रवारी वेळेवर यायला सांगितलं आणि दुसऱ्या मुलीकडे वळला.

गाडीचं दार तिनं जोरात आपटलं. "हरलो आपण. आणि तू ओरडायच्या आधीच मी सोडला होता."

"बरं. सीटबेल्ट लाव."