बाभळीवर भाजलेली वांगी

चौकात फ्लेक्स लागला तेव्हा मला कळलं, की बातमी घराबाहेर गेली. फ्लेक्सवर सगळ्यात वर दोन पुढारी हात जोडून उभे होते. त्यांच्याखाली गावातली इच्छुक मंडळी ओळीने होती. आणि उजव्या कोपऱ्यात, छापणाऱ्याच्या मोबाइल नंबरच्या जरा वर, माझी मुलगी. तिच्या नावाआधी ‘सुप्रसिद्ध लेखिका’ असं छापलं होतं. ही प्रसिद्धी तोवर आमच्या घरापलीकडे फारशी गेली नव्हती.

मुलगी मुंबईत राहते. टीव्हीवर एक गुन्हेगारीची मालिका लागते, दर भागात एक खून आणि एक इन्स्पेक्टर बाई. ती मालिका चार-पाच जण मिळून लिहितात, त्यात आमची एक. शेवटी नावं धावत वर जातात, त्यात तिचं नाव वाचायला आम्हाला कधी जमलं नाही. डोळे त्या ओळीवर पोचेपर्यंत साबणाची जाहिरात सुरू झालेली असे. या वेळी मात्र अख्खा भाग तिने एकटीने लिहिला होता, आणि खून आमच्याच मुलखात, रावेरकडच्या एका शेतात होणार होता. रविवारी संध्याकाळी सातला विशेष भाग. ही बातमी बायकोने पिठाच्या गिरणीत फक्त एकीला सांगितली होती. गिरणीचा पट्टा तेवढ्यापुरता बंद होता, हे तिचं दुर्दैव.

फ्लेक्सचे कर्ते आबा. आबांची केळी पॅकिंगची शेड गावाच्या तोंडाशीच आहे. तिथे पडदा लावायचा, प्रोजेक्टर आणायचा, अख्ख्या गावाने भाग बघायचा आणि त्याआधी मुलीचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

“आबा, सत्कार नंतर करा,” मी म्हटलं.

“काहून? आधी काय हरकत हाये?”

“भाग पडला तर शाल परत मागायची पंचाईत होईल.”

आबांनी विचार केला. त्यांना ते पटलं, याचं मला थोडं वाईटही वाटलं.

मुलगी रविवारी सकाळच्या गाडीने आली. चहा घेताना तिला फ्लेक्सबद्दल सांगितलं, तेव्हा ती हसेल असं मला वाटलं होतं. ती हसली नाही. म्हणाली, “बाबा, चॅनेलवाल्यांना भाग आवडलाय. मुंबई-पुण्याचे लोक काय लिहायचं ते लिहितील. मला त्यांची भीती नाही. पण शेडमध्ये बसलेल्यांनी शेवटच्या जाहिरातीआधी खुनी ओळखला, तर मी हरले. अक्कांनी ओळखला, तर सपशेल हरले.”

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. गल्लीच्या टोकाला राहते. मी आयुष्यभर भुसावळला रेल्वेच्या कचेरीत नोकरी केली आणि तिथल्या वाचनालयातल्या रहस्यकथा कपाटं बदलत वाचल्या, तरी खुनी ओळखण्यात माझं यश बेताचंच. अक्का पुस्तकं वाचत नाही. ती टीव्ही बघते आणि पहिल्या जाहिरातीला बोट दाखवते. आजवर तिच्या हातून एकही सुटलेला नाही. तिची पद्धत साधी आहे. ओळखीचा नट असेल आणि त्याला काम मात्र चहा आणून देण्याएवढंच असेल, तर खून त्याने केलेला आहे. “येवढ्या मोठ्या मानसाले चहा द्यायले कोन बलावते?” असं ती विचारते.

मुलगी लहानपणी तिच्याच मांडीवर बसून या मालिका बघायची. तेव्हा अक्का दर वेळी तिला आधीच खुनी सांगून टाकायची आणि पोरगी रडायची. त्यामुळे मुलीने ‘अक्का’ म्हटलं, तेव्हा ती कुठला हिशेब चुकता करायला आली आहे, हे मला समजलं. मी फक्त विचारलं, “मला सांगतेस का, कोणी केलाय?”

“तुम्ही शेडमध्येच बघा,” ती म्हणाली.

संध्याकाळी शेड भरली. केळीचे प्लास्टिकचे क्रेट उलटे करून बसायला मांडले होते. पुढे बायका, मागे पुरुष, आणि सगळ्यात पुढे, पडद्यावर आपली सावली पडेल अशा बेताने, माइक घेऊन आबा. अक्का मधोमध खुर्चीवर. मुलगी तिच्या मागे दोन ओळी सोडून क्रेटवर बसली, मी तिच्या शेजारी. बायको माझ्या पलीकडे. ती धुळ्याकडची. तिच्या भावाने तिकडेही घरी दहा माणसं गोळा केली होती आणि मिनिटामिनिटाला फोन करून “लागनं का?” विचारत होता.

भाग सुरू झाला. थंडीचे दिवस, केळीची बाग, शेजारी वेचणी झालेलं कपाशीचं रान. शेताच्या मालकाने मित्रांना भरीत पार्टीला बोलावलं आहे. त्याचा भागीदार मात्र पार्टीत नाही. मालक सगळ्यांना सांगतो, की तो दुपारीच मोटारसायकलवरून भुसावळला गेला, तिथून रेल्वेने सुरतला जाणार आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी भागीदाराचं प्रेत भुसावळच्या वाटेवर एका नाल्यात सापडतं. मोटारसायकलचा पत्ता नाही. म्हणजे वाटेत कोणी तरी गाठला. संशय एका डॉक्टरवर, एका पुतण्यावर आणि एका टेम्पोवाल्यावर.

पण हे सगळं नंतर. गडबड झाली ती पार्टीच्या दृश्यातच. मालक ट्रॅक्टरमधून बाभळीची लाकडं उतरवतो, पेटवतो आणि त्यावर वांगी टाकतो.

शेडमध्ये आधी कुजबुज झाली, मग हशा पिकला.

बाहेरच्या वाचकांसाठी एवढं सांगतो, की आमच्याकडे भरताची वांगी कपाशीच्या वाळक्या काड्यांवर भाजतात. काड्या भराभर जळतात, वांग्याचं साल करपतं आणि आतला गर धूर पिऊन मऊ होतो. लाकडावर टाकलं तर साल जळून कोळसा होतो आणि आत वांगं कच्चंच राहतं. हे आमच्याकडे कोणी कोणाला शिकवत नाही. लाकडावर भरीत म्हणजे लग्नात नवऱ्या मुलाने घोड्याऐवजी म्हशीवर बसून येण्यासारखं आहे.

“अरे, लाकडं!” मागून कोणी तरी ओरडलं. “अंत्यविधी हाये का भरीत?”

“मांगे येवढा ढीग दिसू राह्यला काड्यांचा,” अक्का पडद्याकडे हात करून म्हणाली, “आन् हे येडे बाभूय जायता!”

खरंच, मालकाच्या मागे कपाशीच्या काड्यांचा ढीग उभा होता, माणसाच्या उंचीएवढा. तो बघून लोक जास्तच हसले. आबांना राहवेना. त्यांनी माइक तोंडाशी नेला आणि जाहीर केलं, “मंडळी, हसू नका. हे मुंबईच्या लोकांचं अज्ञान आहे. आपल्या लेखिकेचा यात काही दोष नाही.” यावर दोष कोणाचा असेल, असा विचार ज्यांनी केला नव्हता त्यांनीही केला. मान वळवून माणसं आमच्याकडे बघू लागली.

मी मुलीकडे पाहिलं. ती खाली बघत होती. या पोरीने शाळेत असताना काड्यांच्या जाळासमोर बसून पदराएवढ्या फडक्याने डोळे पुसत वांगी उलटली आहेत. तिला माहीत नसणं शक्य नव्हतं. म्हणजे दिग्दर्शकाने ऐकलं नसणार. मी हळूच विचारलं, “तू त्यांना सांगितलं नव्हतंस?”

“सांगितलं होतं,” ती म्हणाली आणि पुन्हा खाली बघू लागली.

एकदा चूक सापडली की माणसाला चव लागते. मग केळीचा घड उलटा टांगला आहे का, यावर वाद झाला. तो सुलटाच होता. टेम्पोवाल्याची टोपी, डॉक्टरची गाडी, पुतण्याच्या बायकोची साडी, सगळ्यांची तपासणी झाली. पहिल्या जाहिरातीला अक्का उठली आणि बोट दाखवून म्हणाली, “डागदर.”

“काहून, अक्का?”

“तो नट मांगे राजा झाल्ता. राजाले कोनी इंजेक्शन द्यायले ठेवते का?”

शेडने तिचा निकाल मान्य केला. मी मात्र मुलीकडे बघितलं. तिचा चेहरा हलला नाही. हा चेहरा माझ्या बायकोचा आहे, पत्ते खेळताना तो दिसतो. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, की इथे काही तरी वेगळं चाललं आहे. काय, ते मात्र कळेना. इतक्या रहस्यकथा वाचून हीच प्रगती.

दुसऱ्या जाहिरातीलाही अक्का डॉक्टरवर ठाम. तिसऱ्याला काही जण पुतण्याकडे वळले. शेतमालकाचं नाव कोणी घेतलं नाही. त्याच्यावर हसून झालं होतं, आणि ज्याच्यावर आपण हसलो त्याच्यावर संशय घ्यायचं कोणाला सुचत नाही.

शेवटच्या जाहिरातीनंतर इन्स्पेक्टर बाई शेतात येते. बाई धुळ्याकडची दाखवली आहे. ती विझलेल्या जाळाजवळ उकिडवी बसते, अर्धवट जळालेलं बाभळीचं लाकूड उचलून बघते, मग मान वर करून मालकाला अगदी घरगुती आवाजात विचारते, “भाऊ, काड्यांचा एवढा ढीग दारात असताना वांगी लाकडावर का भाजलीत?”

बाई हवालदाराला सांगते, “ढीग उकला.” काड्या बाजूला होतात आणि आतून मोटारसायकलचं हँडल बाहेर येतं. भागीदार शेतातून कधी गेलाच नव्हता. पाहुणे वेळेआधी आले म्हणून मालकाने गाडी घाईने ढिगात लपवली होती. रात्री त्याने प्रेत हलवलं, गाडी न्यायच्या आत पोलीस आले. आणि पार्टीत जाळासाठी कोणी एक पेंढी जरी ओढली असती, तर सगळं उघडं पडलं असतं. म्हणून बाभूळ.

आबांच्या हातातला माइक चालूच होता, त्यातून फक्त त्यांचा श्वास ऐकू येत होता.

आम्ही सगळ्यांनी खुणेवर बोट ठेवलं होतं. अक्काने तर ढीगही दाखवला होता. आणि आम्ही हसलो होतो, कारण मुंबईवाल्यांना काही कळत नाही याची आम्हाला इतकी खात्री होती. पोरीने नेमकी ती खात्रीच हेरली होती. मुंबई-पुण्यात हे दृश्य कोणाच्या लक्षातही आलं नसणार. तिथे वांगी कशावरही भाजली तरी चालतात. तो सापळा फक्त आमच्यासाठी होता.

पहिल्यांदा मागून एक जण हसला, मोठ्याने, स्वतःवरच. मग अख्खी शेड. बायका एकमेकींच्या पाठीवर थापा मारू लागल्या. माणसं मान वळवून पुन्हा आमच्याकडे बघायला लागली, पण आता निराळ्या नजरेने. बायकोच्या फोनवर तिचा भाऊ इतक्या जोरात बोलत होता, की मलाही ऐकू आलं, “बहीण, तुनी पोरनी आम्हले बठ्ठास्ले फसाडं!”

अक्का मात्र हसली नाही. ती खुर्चीवरून उठली, क्रेटमधून वाट काढत मुलीसमोर येऊन उभी राहिली. मुलगी उठली. नाल्यातलं प्रेत बघणाऱ्यांच्या चेहऱ्यावरही नसेल एवढी भीती तिच्या चेहऱ्यावर होती.

“डागदर नव्हता,” अक्का म्हणाली.

“नव्हता, अक्का.”

“मंग त्या राजाले कायले घेतलं?”

“तुमच्यासाठी.”

अक्काने दोन्ही हात तिच्या चेहऱ्यावरून फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली. “रांडेचे,” ती म्हणाली, “मले!” आमच्याकडे हा शब्द माणूस फार आवडला की वापरतात.

आबांनी शाल आणि नारळ घेऊन भाषण सुरू केलं. खानदेशच्या मातीचा सुगंध, कन्येची गगनभरारी, सगळं यथासांग झालं. मुलीने शाल घेतली. मी टाळ्या वाजवल्या, आणि सत्कार या प्रकाराबद्दल माझं मत फारसं बरं नसलं तरी, ते भाषण आणखी थोडं लांबलं असतं तरी मी तक्रार केली नसती. घरी जाताना चौकातल्या फ्लेक्ससमोर मी जरा थांबलो. ‘सुप्रसिद्ध’ तसंच राहू द्यायला हरकत नव्हती. फोटो तेवढा लहान होता.

मुलगी सोमवारी सकाळी परत गेली. त्या दिवशी दुपारी भागाचं पुनःप्रक्षेपण होतं. अक्काच्या घरी पहूरहून तिच्या नणंदा आल्या होत्या. त्यांनी भाग बघितला नव्हता. अक्काने मलाही बोलावणं पाठवलं. मी गेलो तेव्हा टीव्ही सुरू होता आणि नणंदांच्या हातात शेंगांची ताटली होती. अक्का नेहमीसारखी मधोमध बसली होती.

मालकाने ट्रॅक्टरमधून लाकडं उतरवली. थोरल्या नणंदेने शेंग खाली ठेवली. “माय वं! भरीत लाकडावर?” धाकटी हसायला लागली. “आन् मांगे काड्या पडल्या हायेत तश्याच!”

अक्काला आता फक्त तोंड उघडायचं होतं. आयुष्यभर तिने तेच केलं होतं. मी तिच्याकडे बघत बसलो.

अक्काने एक शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले आणि शांतपणे म्हणाली, “मुंबईचे लोकं. त्याह्यले काय समजते?”