पट्ट्यांवर ठेवलेला तळहात

डहाणू रोडच्या बाजारात उन्हाळा सरत आला, की दुकानांपुढे ताडपत्र्यांचे गठ्ठे उलगडले जातात. तापलेल्या निळ्या प्लास्टिकचा तो उग्र, किंचित गोडसर वास नाकात शिरला, की आजही माझी पावलं मंदावतात. मला आठवतो एक कोरडा हिवाळा, तलासरीच्या वाटेवरची एक चिकूची वाडी, आणि तिथे एकट्या राहणाऱ्या, जॅझ वाजवणाऱ्या एक वयस्क पारशी बाई.

मी तलासरीच्या शाळेत शिकवत होते. एकदा परतताना वाडीवर चिकू घ्यायला थांबले, आणि घरातून धातूचा एक स्वर आला. घंटेसारखा, पण घंटेचा कर्कशपणा नसलेला, पाण्यावरच्या उजेडासारखा थरथरणारा. दारात उभी राहून मी ऐकत राहिले. बाईंनी वळून पाहिलं आणि म्हणाल्या, "उभी काय, आत ये नी. हे चावत नाय."

ते वाद्य म्हणजे व्हायब्राफोन. अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या, प्रत्येकीखाली एक पोकळ नळी, पायाशी दाबून धरलं की स्वर लांबवणारं पॅडल, आणि नळ्यांच्या तोंडाशी चकत्या फिरवून स्वराला कंप देणारी छोटी मोटर. तरुणपणी त्या बाई, मी त्यांना आंटी म्हणू लागले, मुंबईच्या हॉटेलांतल्या बँडमध्ये हे वाजवत. नवरा गेल्यावर त्याच्या वाडीत येऊन राहिल्या आणि वाद्य सोबत आणलं. दर रविवारी मी त्यांच्याकडे जाऊ लागले. एकेका हातात वाजवायच्या दोन-दोन दांड्या धरताना माझी बोटं आखडत. "हाथ ढीला मूक, डीकरा, सैल सोड," त्या म्हणत. मी चाल बिनचूक वाजवली, की त्यांचा चेहरा पडे. "हे तर लिहिलेलं वाजवलं. आता तुझं सांग." चालीचं घर सोडून उंडारायला जायचं आणि वेळेवर परतायचं, एवढंच त्यांचं जॅझचं शास्त्र होतं. दोन स्वरांमध्ये त्या जी जागा मोकळी सोडत, तिच्यात तर मला सगळं गाणं दिसे.

मग त्या हिवाळ्यात जमीन हलू लागली.

आधी सुरुंग उडाल्यासारखा आवाज येई आणि पाठोपाठ पायाखालून धक्का. पाड्यांवरची माणसं घराबाहेर ताडपत्र्या बांधून राहू लागली. शाळेचे वर्ग आम्ही झाडाखाली घेऊ लागलो. आंटींच्या वाडीत काम करणारी वारली बाई रोज विनवायची, "बाय, भायेर ये. भुईचा काय भरोसा नाय." आंटी हसून टाळत. पण वाद्याखालचा, स्वर दाबून धरणारा लोकरीचा नमदा जुना झाला होता. धक्का बसला, की कुणीही हात न लावता सगळ्या पट्ट्या एकदम गुणगुणत. त्या आवाजात चाल नव्हती, लय नव्हती. पहिल्यांदा तो ऐकला, तेव्हा माझ्या मानेवर काटा आला.

हळूहळू आंटींचं वाजवणं बदललं. मोकळ्या जागा लांबू लागल्या. एखादी ओळ अर्ध्यावर आली, की त्या दांड्या वर धरून थांबत, नजर जमिनीकडे. आधी मला वाटलं, त्या पुढची ओळ शोधतायत. मग कळलं, त्या कानोसा घेतायत. कळल्यावर मीही घेऊ लागले. आम्ही दोघी वाद्यापाशी उभ्या राहून शांतता ऐकायचो, आणि ती शांतता कुणीतरी श्वास रोखून धरल्यासारखी वाटायची.

भिंतीला छतापासून जमिनीपर्यंत तडा गेला, तेव्हा मी हट्टच धरला. "आंटी, वाद्य अंगणात आणू या. तुम्ही आत, मी आत, आणि ही भिंत डोक्यावर. मला नाही शिकायचं असं." त्या रागावल्या. शेवटी हात झटकत म्हणाल्या, "लई जा, बाबा. बाहेर ने."

वारली बाईने नवऱ्याला हाक मारली. पट्ट्या, नळ्या, सांगाडा असं सगळं सुटं करून आम्ही आंब्याखाली मांडलं. मोटरीला वीज नव्हती, म्हणून स्वर सरळ, कोरडे येत होते. तरी आंटी वाजवू लागल्या. पाड्यावरची बायामाणसं येऊन बसली. कितीतरी दिवसांनी त्या कुठेही न थांबता वाजवत होत्या.

तेवढ्यात आवाज झाला. मी आंटींचा दंड धरला. जमीन एकदा जोरात उसळली, आणि घराची ती भिंत आतल्या बाजूला बसली. धुळीचा लोट दारातून बाहेर आला. दर रविवारी जिथे आम्ही दोघी वाद्यापाशी उभ्या राहायचो, तिथे विटांचा ढीग होता.

"वाचली गं बाय, वाचली!" वारली बाई रडत होती. मीही रडत होते. आंटी मात्र वाद्याकडे पाहत होत्या. पट्ट्या अजून गुणगुणत होत्या. त्यांनी दोन्ही तळहात त्यांच्यावर सपाट ठेवले आणि आवाज पुरता विझेपर्यंत उचलले नाहीत.

त्यानंतर त्यांनी कधी वाजवलं नाही. मी दांड्या पुढे केल्या, की पुन्हा ते तळहात पट्ट्यांवर. "आता हे मला गाणं नाय ऐकवत," एकदा त्या म्हणाल्या, "दुसरंच काय ऐकवतं." पुढे वलसाडला भावाकडे गेल्या आणि जाताना वाद्य माझ्या घरी पोचवलं. मी एकटीच शिकत राहिले. आता बऱ्यापैकी वाजवते. पण स्वर लांबू द्यायची हिंमत अजून होत नाही. पॅडलवरचा पाय लवकर उचलला जातो.

गेल्या आठवड्यात त्यांना फोन केला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, "तिकडे अजून हलतं का, डीकरा?"

त्याच सकाळी माझ्या कपाटातली भांडी किणकिणली होती. मी म्हटलं, "नाही आंटी. आता सगळं शांत आहे."

त्या सावकाश म्हणाल्या, "इथे पण शांतच आहे."

वलसाडची जमीन शांतच असणार. पण त्यांच्या आवाजावरून कळलं, की त्या माझ्याइतकंच खोटं बोलतायत. काही धक्के जमिनीतून ओसरतात आणि माणसात मुक्कामाला येतात. तिथून ते कधी निघतात, हे विचारावं असं माझ्या ओळखीचं दुसरं कुणी नाही. आणि त्यांना विचारायचा धीर मला अजून झालेला नाही.